परत आल्यावर बदलतो

थोरलीच्या हातून कुणाचं काम पहिल्या फेरीत मंजूर झालं, असं त्या कचेरीत कधी घडलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत झालं, तर तो माणूस त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. बाई चौपन्न वर्षांची. स्वतःच्या नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि दुसऱ्याच्या नाकावरची माशी तिला चार टेबलांवरून दिसायची. तिचं काम म्हणजे इतरांनी लिहिलेला कोड वाचायचा, खोट काढायची आणि समासात शेरा मारायचा. "हे काय आहे?" "का?" "पुन्हा." एका नव्या माणसाच्या चाळीस ओळींवर तिने एकदा नुसतं "अरेरे" लिहून पाठवलं होतं. त्यातली नेमकी कुठली ओळ अरेरे आहे, हे तो बिचारा दोन दिवस शोधत बसला होता.

तिला थोरली म्हणायचे, कारण त्याच खोलीत एक धाकटी होती. धाकटी म्हणजे थोरलीच्या धाकट्या भावाची बायको. दोघींची टेबलं एकमेकींकडे पाठ करून, मधे एक लोखंडी कपाट. नणंद-भावजय एका कचेरीत असणं हेच मुळात आगीशेजारी रॉकेल ठेवण्यासारखं, आणि या दोघींचा तर अकरा वर्षं अबोला होता. अबोला म्हणजे पक्का. पंखा बंद करायचा असला तरी थोरली भिंतीकडे बघून म्हणायची, "कुणाला गार वाटत असेल तर कुणी उठून बंद करावा." आणि धाकटी खिडकीकडे बघून म्हणायची, "ज्याला गार वाटतंय त्याला हात आहेत."

पण काम तर करायला हवं. धाकटी कोड लिहायची, थोरली तपासायची. म्हणजे अकरा वर्षं या दोघी एकमेकींशी बोलल्या त्या फक्त समासातल्या शेऱ्यांमधून. एकदा धाकटीने आपल्या ओळीखाली "कारण कळेल का?" असं लिहिलं. थोरलीने उत्तर दिलं, "पद्धत आहे." धाकटीने लिहिलं, "कुणाची?" थोरलीने लिहिलं, "ज्याची होती त्याची." सगळी कचेरी हे शेरे चोरून वाचायची. फुकटची करमणूक कुणाला नको असते!

ज्याची होती तो म्हणजे भाऊ. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि थोरली सतरा. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी त्याचं टेबल मांडून दिलं आणि स्वतःचं लग्न "बघू नंतर" म्हणत म्हणत घालवलं. या कचेरीत त्याला तिनेच चिकटवलं. त्याने इथे येऊन दोन गोष्टी केल्या. एक, समोरच्या टेबलावरच्या मुलीशी लग्न. दोन, तो पॅरेंट क्लास.

कंपनी थंड गोदामांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. गोदामात तापमान मोजणारे सेन्सर असतात, ते इथल्या प्रोग्रामला आकडे पाठवतात, आकडा हद्दीबाहेर गेला की घंटा वाजते आणि कुणीतरी धावत सुटतं. आता सेन्सर बनवणारे शेकड्याने, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक सेल्सिअसमध्ये बोलतो, एक फॅरेनहाइटमध्ये, एक विचारल्याशिवाय तोंडच उघडत नाही. भावाने जावा या संगणकभाषेत एक पॅरेंट क्लास, म्हणजे मूळ साचा, लिहिला. सगळ्या सेन्सरांना जे सारखं लागतं ते सगळं त्यात. मग प्रत्येक सेन्सरचा एक छोटा चाइल्ड क्लास. तो पॅरेंटचं सगळं आपसूक घेतो, वर स्वतःची तऱ्हा तेवढी जोडतो. याला इन्हेरिटन्स म्हणतात. लिहायला सोपं, वाचायला सोपं, आणि वर एका जागी सुधारलं की खाली त्रेसष्ट जागी सुधारतं. एका जागी बिघडलं की तेही त्रेसष्ट जागी पोचतं, पण हे शिकवताना जरा हळू आवाजात सांगतात.

मग अकरा वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, एका मंगळवारी दुपारी भाऊ तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला म्हणून गेला. तो गेला तो गेलाच. दोन महिन्यांनी कंपनीला दोन ओळींचा राजीनामा आला, थोरलीला एक मेल आला की "मी ठीक आहे, काळजी करू नको", आणि धाकटीला काहीच आलं नाही. पुढे कळलं की दुसऱ्या शहरात त्याने दुसरा संसार मांडलाय.

आता अशा माणसाला काय म्हणायचं ते वाचकाने आपल्या मनात म्हणावं. थोरलीने मात्र त्याला काहीच म्हटलं नाही. तिने ठरवून टाकलं की धाकटीच्या जिभेने त्याला घालवला. धाकटीचं म्हणणं, बहिणीने आयुष्यभर तोंडात घास भरवला, म्हणून त्याला कशाचीच जबाबदारी पेलली नाही. दोघींनी एकदाच समोरासमोर हे बोलून घेतलं, जिन्यात, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यानंतर अबोला.

अबोल्यात एक अपवाद झाला. थोरलीने भावासाठी स्वतःच्या हाताने दोन स्वेटर विणले होते. एक करडा, एक निळा. निळा त्याला टोचायचा, तो कधी घालायचा नाही, पण तिने वर्षभर खपून विणलेला. तिने हिशेब तपासणाऱ्या बाईंकरवी धाकटीला निरोप पाठवला की दोन्ही स्वेटर परत दे. धाकटीचं उत्तर आलं, "नाहीत." बस्स, एवढंच. माझ्या हातचे स्वेटर हिने फरशी पुसायला घेतले, असं थोरलीने धरलं आणि ते अकरा वर्षं मनात घट्ट धरून ठेवलं.

भाऊ गेला तरी पॅरेंट क्लास होता. दोन हजार ओळींचा, फाइलीच्या डोक्यावर त्याचं नाव. थोरली त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. कुणी एक रिकामी जागा इकडची तिकडे केली तरी तिचा शेरा तयार: "इथे नको." आणि चाइल्ड क्लाससाठी तिचा एक नियम होता, की वरच्या बाजूला कुठल्याही गोष्टीची सुरुवातीची किंमत लिहायची नाही. रिकामं सोडायचं. का, ते कधी सांगितलं नाही. नव्या माणसाने विचारलं तर ती चष्म्यावरून असं बघायची की तो परत विचारायचा नाही.

चौदा महिन्यांपूर्वी धाकटीने उघड लढाई सुरू केली. बैठकीत उठून फळ्यावर चौकोन काढले आणि साहेबांकडे बघत बोलू लागली. साहेब म्हणजे गुळगुळीत माणूस. दोन्ही बाजूंना मान हलवायची आणि कुणाचंच काही ठरू द्यायचं नाही, यात त्यांचा हातखंडा होता.

"साहेब, आत्ता कुणीही उठतो आणि 'न्यू' म्हणून हवा तो सेन्सर बनवतो," धाकटी म्हणाली. "प्रत्येक पोराला बापाच्या पोटात काय चाललंय ते माहीत असावं लागतं. दोन हजार ओळी कोण वाचतो? त्यापेक्षा फॅक्टरी मेथड करू. एकच दार. सेन्सर हवा तर त्या दाराशी मागायचा. आत तो आधी पूर्ण बनेल, मग त्याची तयारी होईल, मग हातात मिळेल. बनवणं वेगळं, तयारी वेगळी."

"साहेब, त्यांना विचारा," थोरली फळ्याकडे न बघता म्हणाली, "की दार केल्यावरही कुणी मागच्या खिडकीतून 'न्यू' केलं तर?"

"साहेब, त्यांना सांगा की कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लासमध्ये जिथे सेन्सर बनतो तो भागच, खासगी करायचा. मग खिडकीच उरत नाही."

"साहेब, कन्स्ट्रक्टर खासगी केला की त्या क्लासला पुढे पोर होत नाही. वंश तिथेच बुडाला. हे त्यांना माहीत असेलच."

"तेच तर हवंय!" धाकटी म्हणाली.

थोरलीचे मुद्दे काही अगदीच खुळे नव्हते. त्रेसष्ट क्लास बदलायचे म्हणजे दोन महिने. प्रत्येक सेन्सर पुन्हा तपासायचा. आज एका ओळीत जे होतं त्याला दाराच्या आतल्या दहा ओळी लागणार, आणि नवा सेन्सर आला की दाराच्या आत जाऊन त्याचंही नाव घालायचं. हे सगळं तिने मांडलं, आणि ते खरंही होतं. पण ती भांडत होती ती त्यासाठी नव्हे. साहेबांनी दोन्हीकडे मान हलवली. धाकटीने हट्टाने सगळा बदल करून मंजुरीला टाकला. थोरलीने त्यावर "गरज नाही" असा शेरा मारला, आणि चौदा महिने तो बदल तसाच लोंबकळत राहिला.

त्याच वर्षी एका नव्या सेन्सरचं काम आलं आणि ते धाकटीकडे गेलं. चौसष्टावा चाइल्ड क्लास. थोरलीने तो आठ वेळा परत पाठवला. नाव लांब आहे. नाव आखूड आहे. दोन ओळींत अंतर नाही. आता जास्त आहे. आठव्या फेरीत खोड काढायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा सेन्सरच्या नावाच्या जागेवर शेरा पडला: "हे रिकामं का?" आणि धाकटीचं डोकं फिरलं. अकरा वर्षं ज्या बाईने सगळं रिकामं ठेवायला लावलं, ती आता विचारते रिकामं का! तिने दात-ओठ खात वरच्या सगळ्या रिकाम्या जागा भरून टाकल्या. घ्या, भरलं. घंटा वाजायच्या हद्दीलासुद्धा तिने तात्पुरता शंभर अंशांचा आकडा दिला, कारण खरी हद्द तर तयारीच्या वेळी गोदामाच्या फाइलीतून वाचली जाणारच होती.

नवव्या फेरीला साहेब मागे उभे होते. "बाई, ग्राहक खोळंबलाय. आज काय ते करा." थोरली चिडून चिडून थकली होती. आपला शेवटचा शेरा पाळलाय की नाही तेवढं तिने बघितलं आणि न वाचताच मंजूर दाबलं.

पाच आठवड्यांनी एका औषधांच्या गोदामात शनिवारी दुपारी कॉम्प्रेसर बंद पडला. आठ अंशांवर गेलं की घंटा वाजायला हवी होती. दहा झाले, पंधरा झाले, सव्वीस झाले. पडद्यावर सेन्सर हिरवागार. सोमवारी सकाळी पहारेकऱ्याने दार उघडलं तेव्हा आतून ऊब आली. साडेसातशे खोकी औषध फेकून द्यावं लागलं. ते कुणाला टोचलं गेलं नाही, एवढंच नशीब.

साहेबांनी थोरलीला आत बोलावलं आणि दार लावलं.

"ग्राहकाला गुरुवारी चार वाजता अहवाल द्यायचाय," ते म्हणाले. "कशामुळे झालं आणि कुणामुळे. त्यांना एक नाव हवंय, आणि तो माणूस इथे राहिलेला त्यांना चालणार नाही. क्लास तर धाकटीचा आहे. पॅरेंट क्लास तुमच्याइतका कुणाला कळत नाही, म्हणून अहवाल तुम्ही लिहा. आणि खरं सांगू का, तुमचं तिच्याशी तसंही पटत नाही. तुम्हाला जड जाणार नाही."

थोरली टेबलाशी आली. क्लास उघडला. पाच मिनिटांत तिला शंभरचा आकडा दिसला.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगा? छातीत ऊब आल्यासारखा झाला. अकरा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आयता ताटात येऊन पडला होता. नियम मोडला, आकडा लिहिला, गोदाम तापलं. तीन वाक्यांचा अहवाल. तिने पहिलं वाक्य लिहिलंसुद्धा.

मग "कशामुळे झालं" लिहायला घेतलं आणि तिचा हात थांबला. कारण कशामुळे झालं हे तिला अकरा वर्षांपासून माहीत होतं.

जावामध्ये चाइल्ड बनतो तेव्हा आधी पॅरेंट बनतो. पॅरेंट बनून झाला की मग चाइल्डच्या वरच्या बाजूला लिहिलेल्या किमती बसतात. हा क्रम कुणाच्या बापाला बदलता येत नाही. आणि भावाच्या पॅरेंट क्लासमध्ये एक घाई होती. तो स्वतः बनता बनताच, तीन पायऱ्या खाली कुठेतरी आत, चाइल्डला हाक मारायचा की तयारी कर. मग अर्धवट बनलेला चाइल्ड फाइल वाचायचा, हद्द आठ अंश अशी लिहून ठेवायचा. तयारी झाली, पॅरेंट बनून झाला, आणि मग चाइल्डच्या स्वतःच्या किमती बसायला आल्या. वर शंभर लिहिलेलं होतं. शंभराने आठ पुसून टाकले. वर काही लिहिलंच नसेल तर आठ तसेच राहतात. त्रेसष्ट क्लास वाचले ते एवढ्यामुळे, की थोरलीने कुणाला वर काही लिहूच दिलं नव्हतं.

आणि तिला हे कळलं होतं ते तिच्या हुशारीने नव्हे. भाऊ गेल्यावर दोन महिन्यांनी, राजीनामा आला त्या आठवड्यात, तिने त्याची फाइल उघडून बघितली होती. तिथे कन्स्ट्रक्टरच्या डोक्यावर त्याने एक टीप लिहून ठेवली होती. तारीख त्याच मंगळवारची, सकाळी दहा चाळीसची.

"इथे चाइल्डची तयारी बोलावणं चूक आहे. चाइल्डच्या वरच्या किमती यानंतर बसतात, तयारी पुसली जाईल. फॅक्टरी मेथडमधून करायला हवं. परत आल्यावर बदलतो."

तेव्हा कचेरीत कुजबुज होती, लोक हसत होते. हे शेवटचं वाक्य कुणी वाचलं असतं तर वर्षभर त्यावर चहा झाला असता. परत आल्यावर म्हणे! थोरलीने त्या दुपारी टीप पुसून टाकली. दुरुस्ती मात्र केली नाही, कारण तो म्हणाला होता मी बदलतो. पुढे जुन्या यंत्रावरचं सगळं नव्यावर नेलं तेव्हा फक्त चालू प्रत आली. बदलांची जुनी नोंद अडगळीच्या खोलीतल्या यंत्रात राहिली आणि त्या यंत्राचा पासवर्ड एकट्या थोरलीला माहीत होता.

म्हणजे अहवालात तिने धाकटीचं नाव लिहिलं असतं, तर ताकास तूर लागली नसती.

बुधवारी ती वेळेवर घरी गेली. खिडकीपाशी अजून ते टेबल होतं, त्यावर तिने कधी दुसरं काही ठेवलं नव्हतं. तिने खिचडी टाकली, ती करपली. तिने स्वतःला खूप समजावलं. आकडा कुणी लिहिला? तिने. नियम कुणी मोडला? तिने. मी काय तिचा हात धरला होता? पण त्या नियमाचं कारण कुणी झाकलं, या प्रश्नापाशी गाडी येऊन अडायची. वर चीड याची, की फॅक्टरी मेथड करा असं ती सटवी चौदा महिने ओरडत होती आणि भावानेही नेमकं तेच लिहून ठेवलं होतं. भावाचं राखायचं म्हणून मी भावाचंच म्हणणं अडवून धरलं. तिने करपलेली खिचडी खाल्ली, भांडं घासताना तळ खरवडून खरवडून बोट कापून घेतलं, आणि धाकटीला मोठ्याने एक शिवी दिली. भिंतीपलीकडच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

गुरुवारी सकाळी ती अडगळीच्या खोलीत गेली, जुन्या यंत्रावरची धूळ पदराने पुसली आणि ते चालू केलं. ते घरघरत जागं झालं. तिने ते पान छापून घेतलं. त्यावर टीप होती, लिहिल्याची तारीख होती, पुसल्याची तारीख होती आणि पुसणाऱ्याचं नाव होतं.

साहेबांनी अहवाल वाचला. मान एकाही बाजूला हलली नाही.

"बाई, हे काय? यात तुमचं नाव आहे."

"असणारच. टीप मी पुसली. मंजुरी मी दिली, न वाचता. तेही लिहिलंय, चौथ्या परिच्छेदात."

"पण आकडा तर तिने लिहिला."

"आकडा लिहिणं गुन्हा नाही. जावा शिकणारं कुणीही लिहितं. खाली खड्डा होता आणि खड्ड्यावरची पाटी मी काढून नेली. त्यांना एक नाव हवंय ना? हे घ्या."

"मला वाटलं होतं, तुम्हाला ती..."

"मला ती डोळ्यांसमोर नको असते," थोरली म्हणाली. "पण जे तिने केलं नाही ते तिच्या नावावर मी लिहिणार नाही. जे केलंय तेच पुष्कळ आहे."

साहेबांनी मग मधला मार्ग काढला. असली माणसं मधला मार्ग काढण्यासाठीच जन्माला येतात. ग्राहकाच्या कामावरून थोरलीला हटवायचं. आज पाच वाजल्यापासून मंजुरीचं काम तिच्याकडे नाही, सोमवारपासून ते धाकटी बघेल. थोरलीने अडगळीच्या खोलीजवळच्या टेबलावर बसून जुन्या ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या. आणि अहवालाची एक प्रत धाकटीने वाचून सही करायची.

साडेचारला कपाटापलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सगळी खोली आपापल्या पडद्याकडे बघू लागली, इतकं मन लावून की कुणाचं बोट हलेना. धाकटी कपाटाला वळसा घालून आली आणि थोरलीच्या टेबलासमोर उभी राहिली. हातात अहवालाची प्रत आणि ते छापलेलं पान.

"परत आल्यावर बदलतो," तिने वाचलं. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा थोरलीकडे बघून बोलत होती. "हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत?"

"सगळ्यांपासून."

"मी बायको होते त्याची. त्या दिवशी त्याने शेवटचं लिहिलेलं हे. आणि तुम्ही ते पुसून बसलात?"

"तू काय केलं असतंस त्याचं? जिन्यात उभी राहून वाचून दाखवलं असतंस."

"हो, दाखवलं असतं," धाकटी म्हणाली. "माझा हक्कच होता."

धाकटी पान हातात धरून तिच्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा बदलला. रागाच्या जागी काहीतरी वाईट आलं, हसू म्हणावं असं.

"थांबा. तुम्हाला हे खरं वाटलं," ती म्हणाली. "म्हणून कुणाला हात लावू दिला नाहीत त्या फाइलीला. तो येईल आणि बदलेल म्हणून. अकरा वर्षं!"

"त्याने लिहिलंय ते. त्या सकाळपर्यंत त्याच्या मनात यायचं होतं. पुढे काय झालं ते..."

"वन्सं," धाकटी म्हणाली. हा शब्द त्या खोलीत कुणी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही दोन स्वेटर मागितले होतेत. आठवतं?"

"तू नाहीत म्हणालीस."

"नव्हतेच. घेऊन गेला तो. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला, भर उन्हाळ्यात. पिशवी त्याने आदल्या रात्रीच भरून ठेवली होती, पलंगाखाली. मी बघितली, आणि मूर्खासारखी गप्प बसले."

थोरलीचा हात टेबलाच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. म्हणजे त्या सकाळी दहा चाळीसला, ती टीप लिहिताना, पिशवी भरलेली होती.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही चोराकडे मागावेत तसे मागितलेत."

पलीकडे कुणाचा तरी फोन वाजला आणि त्याने तो घाईघाईने बंद केला. थोरलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"निळासुद्धा?"

"निळासुद्धा," धाकटी म्हणाली. "सगळ्यात वर तोच होता."

तिने अहवालावर सही केली, प्रत थोरलीच्या टेबलावर टाकली आणि कपाटाला वळसा घालून आपल्या जागी गेली. आभार मानले नाहीत. थोरलीलाही ते नको होते, तिने तोंडावर फेकले असते.

पाचाला दहा मिनिटं कमी होती. थोरलीने यादीत खाली खाली जात चौदा महिन्यांपूर्वीचा तो बदल उघडला. चौसष्ट फाइली, त्यातली शेवटची धाकटीने मागाहून जोडलेली, एक नवं दार, खासगी कन्स्ट्रक्टर. तिने तो याआधी इतक्यांदा वाचला होता की तिला ओळींचे आकडे पाठ होते. त्यात खोट नव्हती, हेही तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यादीच्या शेवटी जुनी फाइल लाल अक्षरांत होती, डोक्यावर भावाचं नाव, आणि खाली सूचना की ही फाइल काढून टाकली जाईल.

तिने मंजूर दाबलं. यंत्राने नेहमीप्रमाणे शेऱ्यासाठी चौकट उघडली. थोरली त्या चौकटीसमोर बराच वेळ बसली, आणि मग ती रिकामीच पाठवून दिली.